मूकपटाला नेलेली मुलगी

परवा केबलवर एक जुना मूकपट लागला होता. सुरुवातीला एक विद्वान बाई येऊन शांततेच्या भाषेविषयी बोलल्या. मी टीव्हीला नाक लावून त्यांचे ओठ वाचत होते आणि माझं डोकं फिरत होतं. मूकपटात शांतता असते, हे कान असलेल्यांनी ठरवलेलं आहे. त्यातली माणसं सारखी बोलत असतात. ती तुम्हाला ऐकू येत नाहीत, एवढंच.

शाळेत असताना विषमज्वरात माझा उजवा कान गेला. डाव्यात कुणी ओरडलं तर थोडी गुणगुण पोचते. बोलणं मात्र शाबूत राहिलं. समोरच्याचे ओठ दिसत असतील, तर मी बहिरी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि माझ्या घरच्यांनी नेमकं त्याचंच भांडवल केलं.

हाच मूकपट मी ऐंशीच्या दशकात ठाण्यात पाहिला होता. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आमच्या डोंबिवलीच्या घरी मुलाकडचे यायचे, मी चहा द्यायचे, ट्रे घेऊन वळले की मागून त्यांच्यातलं कुणीतरी काहीतरी विचारायचं आणि मी तशीच आत निघून जायचे. तिथेच सगळं ओम्फस्. मग कोपरीचं स्थळ आलं. आईच्या ओळखीच्या एका बाईंचा भाचा, बँकेत कारकून. कानाचं त्यांना सांगायचं नाही, असं घरात ठरलं. लग्नानंतर कळेलच, मग घेतील सांभाळून. माझ्या मोठ्या भावाला तर फारच हुशारी सुचली. ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कुठलंसं मंडळ मूकपट दाखवणार होतं. मुलामुलीने तिथेच एकमेकांना पाहावं, असा निरोप त्याने धाडला. आधुनिक घर म्हणून आमचा भावही वधारला.

"तिथे सगळेच बहिरे," दादा मला म्हणाला. "तू हसत राहा आणि काही विचारलं तर हो म्हण."

राग आला होता, पण उत्सुकताही तेवढीच होती. सिनेमा पहिल्यांदाच मला इतरांइतका कळणार होता. हॉलच्या दाराशी मुलगा भेटला. त्याला मिशी नव्हती, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द मला कळला. मिशा ही माझ्या आयुष्यातली मोठी अडचण आहे. सिनेमा आवडतो का, असं त्याने विचारलं. बघायला आवडतो, असं मी म्हणाले, तर तो मोकळा हसला. पंख्याखालच्या खुर्च्या त्याने आमच्यासाठी रुमाल टाकून धरून ठेवल्या होत्या. मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला.

दिवे मालवले, आणि पडद्याशेजारी एक गृहस्थ माइक घेऊन बसलेले दिसले. त्यांच्या बाजूला पेटी आणि तबला. जुन्या काळी मूकपट असेच दाखवत म्हणे, म्हणून मंडळाने हौसेने तो थाट केला होता. माझ्यासाठी म्हणून जगात एक सिनेमा होता, तोही या लोकांनी आवाजाने भरून टाकला. गृहस्थ काहीतरी बोलले की हॉल हसायचा. पडद्यावर तेव्हा राजा नुसता उभा असायचा. तबल्याचा ठेका खुर्चीच्या हातातून माझ्या कोपराला लागत होता, बाकी काही नाही. हसत राहायचं दादाने सांगितलेलं मी विसरून गेले.

मग राणीला राज्याबाहेर काढण्याचा प्रसंग आला. राणीचं काम एका रुंद खांद्यांच्या पुरुषाने केलं होतं. पण पदर दातात धरून तो असा काही बघत होता की तो पुरुष आहे हे मी विसरले. हॉलमध्ये रुमाल निघाले. कडेवरचं पोर सावरत राणी आभाळाकडे तोंड करून विलाप करू लागली आणि तिचे ओठ मला स्वच्छ दिसले. चक्क मराठीत ती म्हणत होती, अरे, याला घ्या कुणीतरी, माझा हात भरून आला. मी खो-खो हसत सुटले. त्या भरल्या हॉलमध्ये तिचं बोलणं कळलेली मी एकटी होते. लोक वळून बघायला लागले, तरी मला हसू आवरेना.

तेव्हा शेजारी बसलेला तो मुलगा माझ्याकडे वाकला. त्याने काहीतरी विचारलं. अंधारात ओठ दिसेनात. मी मान हलवली, हो म्हटलं आणि हसले. त्याने बहुतेक तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. मग तो मागे टेकून बसला. घरी येईपर्यंत माझा कोपरीत संसारही थाटून झाला होता.

दोन-तीन दिवसांनी त्याची मावशी नकार घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून बसलेल्या आईशी ती बोलत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून तिचे ओठ वाचत होते. भाच्याला मुलगी पसंत होती. पण सगळे हसत होते तेव्हा ती गप्प, रडायच्या जागी हसतेय, मन इथे नाही असं त्याला वाटलं. म्हणून त्याने विचारलं, तुम्हाला इथे बळजबरीने आणलंय का, तसं असेल तर मीच नकार कळवतो, तुमच्यावर ठपका येणार नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती हो म्हणाली. मावशीने खोदून खोदून विचारल्यावर त्याने हे सांगितलं होतं.

मावशी गेल्यावर मी दादाला म्हणाले, मी आत्ता कोपरीला जाते, मला ऐकू आलं नाही एवढंच सांगते. त्यानंतर त्याला नको वाटलं तर नको.

दादाने चपला लपवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. "मनात दुसरा कुणी आहे म्हणाले तर चार दिवस बोलतील," तो म्हणाला. "बहिरी आहे हे कळलं तर पुढे कोण येईल?"

मी आईकडे पाहिलं. ती नेहमी कामात पाठमोरी बोलायची आणि मला काही कळलं नाही की चिडायची. त्या दिवशी ती हातातलं काम टाकून समोर आली आणि माझी हनुवटी वर केली. "मी त्यांना सांगितलंय," ती म्हणाली, "तुलाच तो नको होता." एकेक शब्द तिने सुटा उच्चारला. माझ्याशी इतकं स्पष्ट ती त्याआधी कधीच बोलली नव्हती.