शेवटची पानं खाणारे उंदीर

"बाई, या पुस्तकाला शेवट नाही."

साहेबांनी पुस्तक टेबलावर आपटलं. दुसरं उघडलं. त्यालाही नाही. तिसऱ्यालाही नाही. कळंब तालुक्यातल्या एका गावच्या बुद्धविहारात इन्स्पेक्शन चालू होतं आणि मी, तालुक्यातल्या बालवाड्यांची मुख्यसेविका, वरचे पत्रे न्याहाळत उभी होते. शेजारी तिथली सेविका सुमन. तिचे वडील आणि भाऊ रोजगार हमीवर खडी फोडायचे, तेही काम निघालं तर. घरात दर महिन्याला येणारं मानधन तेवढं तिचंच. सरकारी पुस्तक फाडलं तर नोकरी जाते, हे तिला ठाऊक होतं. पानं तिनंच कापली आहेत, हे मला ठाऊक होतं.

तसं हे प्रकरण सुरू केलं सरपंच आबांनी. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. या गावातही बौद्ध वस्तीवरच्या कडब्याच्या गंजी जळाल्या होत्या. कुणी जाळल्या ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वरच्या गावातली पोरं बालवाडीत यायची बंद झाली, कारण बालवाडी विहारात आणि सेविका बौद्ध. त्यात मी विहारातल्या बालवाडीत पेटी नेली. पेटी म्हणजे फिरतं बालग्रंथालय. एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात गोष्टींची पुस्तकं, बस्स.

"आमाला येगळी पेटी पायजे," आबा म्हणाले. "चावडीत ठिवा."

"का हो आबा?"

"का म्हंजे? तुमी शिकलेल्या बाई. समजून घ्या की."

मी समजून घेतलं. संताप आला होता, तो गिळला आणि आबांच्या सहीचा अर्ज घेऊन दुसरी पेटी मंजूर करून आणली. आबा खूश. त्यांनी नियम काही वाचले नव्हते. पोरांना नवी पुस्तकं मिळावीत म्हणून आमच्याकडं दर एक तारखेला शेजारच्या दोन केंद्रांनी पेट्यांची अदलाबदल करायची असते. महिना सरला तशी चावडीतली पेटी विहारात आली आणि विहारातली चावडीत गेली. आबांनी कपाळाला हात लावला. पण सही त्यांचीच होती.

चावडीतून पोरं पुस्तकं घरी न्यायची. आबा रोज संध्याकाळी आपल्या नातीला, शोभाला, वाचून दाखवायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या हाती कोरड्या विहिरीत पडलेल्या शेळीचं पुस्तक आलं. लांडगा काठावरून वाकून बघतो, शेळी त्याला काहीतरी सांगते, आणि पुस्तक खलास. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'शेवट विहारात ऐकायला मिळेल. रोज सकाळी.'

शोभानं जेवणावर रुसवा धरला. आबांनी आपल्या मनानं शेवट जुळवून बघितला. त्यात लांडगा सरपंचाला बोलवायला जातो. पोरीला तो अजिबात पटला नाही.

दोन दिवसांनी आबा नातीचं बोट धरून विहाराच्या दारात हजर. मी तेव्हा तिथंच होते. आत वरच्या गावातली सात-आठ पोरं आधीच गपचूप येऊन बसली होती.

"सुमन, त्या शेळीचं पान दे."

"पान न्हाय मिळत, आबा. ऐकावं लागतंय."

"म्या हितं बसू व्हय?"

"उभं ऱ्हायलं तरी चालतंय."

आबा उभे राहिले. शोभा बोट सोडवून पुढं जाऊन बसली. सुमन गोष्ट अशी सांगायची की ऐकणाराही विहिरीत डोकावून बघायचा. शेळी वर आली तेव्हा आबा उंबऱ्याच्या आत, पोरांच्या मागं मांडी घालून बसलेले होते. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं.

नंतर मी सुमनला विचारलं, "पानं कुठं आहेत?"

"घरी हायत, बाई. समदी जपून ठिवलीत."

याचा रिपोर्ट करणं माझं काम होतं. मी तो केला नाही, पुठ्ठ्यांवरची पेन्सिल तेवढी तिला खोडायला लावली. आणि आता साहेब समोर उभे होते.

"कुणी कापली? नाव सांगा. आजच ऑर्डर काढतो."

सुमननं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांना भेटायला आलेले आबा दारातून म्हणाले, "उंदरं लई झालीत, साहेब."

"उंदीर? आणि फक्त शेवटचंच पान?"

"दुष्काळ हाय. पुरवून पुरवून खात्यात."

"इतकं सरळ? पट्टी लावल्यासारखं?"

"आमच्या गावचा उंदीर हाय. शिस्तीचा."

साहेबांनी आबांकडं पाहिलं, सुमनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा पत्र्यांकडं. सरपंचाला खोटं पाडायचं धाडस साहेबांना झालं नाही. त्यांनी शेरा लिहिला, 'उंदरांचा बंदोबस्त करावा.' पंधरवड्यानं ऑफिसातून उंदराचा पिंजरा आला, सोबत पोचपावती. सुमननं सही करून तो घेतला.

गाव एक झालं असं मात्र मी म्हणणार नाही. गोष्टीला येणारी वरची पोरं तहान लागली की घरी पळायची. विहारातल्या माठातलं पाणी प्यायला त्यांना आणखी बरीच वर्षं लागली. गंजी जाळणाऱ्यांची नावंही आबांनी कधी घेतली नाहीत. उंदरांवर तेवढा बेधडक आळ घेतला.

पुढं मी नव्या सेविकांचं ट्रेनिंग घ्यायची. त्यांना बजावून सांगायची, सरकारी पुस्तकाचं पान कापू नये. कापायचंच झालं, तर जरा वेडंवाकडं कापावं.