मुहूर्तावर बदललेले बारा संगणक

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासचे हिशेब मी बघत असे, तो भूकंपानंतर एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला होता. मी रुजू झालो तेव्हा त्याचे तीन मजले झाले होते आणि नांदेडला शाखा काढायचं घाटत होतं. संगणक बारा, आणि बाराही चोरीच्या सॉफ्टवेअरवर. सगळं अधिकृत करायचं तर नांदेडच्या जागेचं पाच महिन्यांचं भाडं त्यात जात होतं. मी क्लासच्या मालकांना, म्हणजे सरांना, सांगितलं, संगणक चालवायची लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते आणि कायदेशीर आहे. आठवड्याला एक संगणक बदलू. अडचण आली तर एकाचीच येईल.

सरांना ते पटलं. पण दसरा आला. संगणकांना हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार चढले आणि सर म्हणाले, "आजच करून टाका. बाराच्या बारा."

"सर, एकेक करू."

"मुहूर्त काय हप्त्यानं येतो का हो?"

मालक ते. मी सगळी माहिती आधी एका डिस्कवर उतरवून घेतली आणि मगच संगणकांना हात लावला.

दोन दिवसांनी दहावीच्या विज्ञानाच्या मॅडमनी रविवारच्या चाचणीचा पेपर उघडला. पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा. त्यांनी सात वर्षं स्वतः टाईप केलेले प्रश्न एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये होते, आणि त्याचा टायपिंग प्रोग्राम लिनक्सवर चालत नव्हता.

"समोरच्या क्लासवाल्यांचे दोनदा निरोप आलेत," मॅडम म्हणाल्या. "रविवारी पेपर निघाला नाही, तर सोमवारी मी तिकडं."

त्या गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "पोरं मॅडमसाठी येऊन राहिलेत, साहेब. तुमच्या लिनक्ससाठी न्हाई."

"मॅडमच्या संगणकापुरतं जुन्या प्रणालीचं एक लायसन्स विकत घेऊ. त्यांचं काम होतं तसं चालेल."

"मग वाचलं काय?"

"अकरा लायसन्स."

सरांनी चेकवर सही केली. फी, हजेरी, पावत्या ही कामं बाकीच्या अकरांवर बिनबोभाट चालली होती, त्यामुळे मला माझ्या आकड्यांची काळजी नव्हती. काळजी मॅडमची होती.

शनिवारी दुपारी त्यांच्या संगणकावर जुनी प्रणाली आणि तो टायपिंग प्रोग्राम बसवला आणि डिस्कवरचे प्रश्न परत टाकले. पेपर उघडला. मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत एकेक जोडाक्षर बोट ठेवून वाचलं, मागच्या वर्षांचे पेपरही उघडून बघितले. मी शेजारी उभा होतो. मग त्यांनी पर्समधून फोन काढला, समोरच्या क्लासला लावला आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "न्हाई हो, मला नाही जमायचं. उद्या चाचणी आहे आमची."