सरजूबाईचा कांदा

इतवारीतल्या भांडेवाल्यांच्या गल्लीत कोणालेही विचारा, इंदूबाईचा स्वभाव कसा आहे. समोरचा आधी इकडंतिकडं पाहीन, मग हळूच म्हणीन, "हात गजब साफ आहे तिचा." स्वभावाचं नावच नाही घेणार.

श्रीधरभाऊच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर तिचं बस्तान. एक पाट, एक विजेवरची नाव टाकायची मशीन, चष्मा दोरीनं गळ्यात. वय छप्पन्न. वरणाचा गंज आणा, पाण्याचा गुंड आणा, परात आणा, उलटं करून मांडीवर घेणार आणि टर्रर्र करून नाव कोरून देणार. बत्तीस वर्षं हेच.

लग्न नाही केलं तिनं. आता ज्या गल्लीत लोक पोरींच्या आंदणाची भांडी घ्यायले येतात, तिथी बिनलग्नाची बाई नवऱ्यांची नावं टाकत बसली, तर विचारणारे विचारतीलच. "इंदूबाई, तुम्ही काहून नाही केलं?" तिचं एकच उत्तर. मशीन बंद न करता चष्म्यावरून पाहायची आणि म्हणायची, "चहा घेता?" विचारणारा गार. चहा कोणी कधी प्याला नाही, कारण ती पाजतच नव्हती.

हे उत्तर तिचं नव्हतं बरं. चोरीचा माल होता तो.

चोवीस वर्षांची असताना घरी काही न सांगता ती सीताबर्डीले दुपारचा शो पाहाले गेली होती. पिक्चरमध्ये एक सरजूबाई होती. कोळशाचा डेपो चालवायची, ट्रकवाले तिच्यासमोर टोपी काढत. एक इन्स्पेक्टर तिले विचारते, "अकेली क्यों रहती हो?" सरजूबाई भाकर खाऊन राहिली असते. ती एका बुक्कीत कांदा फोडते, अर्धा त्याच्यासमोर धरते आणि म्हणते, "प्याज खाओगे?" झालं. पिक्चर पुढं गेला. शेवटपर्यंत कोणी सांगतलं नाही, ती एकटी काहून.

इंदूबाई त्या अंधारात खुर्चीवर सरळ बसली. घरी तेव्हा रोज तेच चालू होतं. बाप म्हणे, नाही करायचं तर कारण सांग. कारण तिच्यापाशी नव्हतंच. कोणाले दोडकं नको वाटते तसं तिले लग्न नको वाटे. पण दोडक्याचं कोणी कारण मागत नाही. आणि इथी पडद्यावर एक बाई कारण न देता पोटभर जेवून राहिली होती. इंदूबाईनं तिले तिथीच गुरू केलं. पुढं टीव्हीवर तो पिक्चर लागला, की मशीन बंद, भाजी करपली तरी चालन.

आणि यावर्षी त्या लोकाइनं सरजूबाईचा आधीचा भाग काढला. म्हणजे ती डेपोवाली व्हायच्या आधीची गोष्ट.

रितिका घेऊन गेली तिले. रितिका म्हणजे इंदूबाईच्या मोठ्या भावाची, देवरावची पोरगी. एकोणतीस वर्षांची, लॅबमध्ये रक्त तपासते, शहराच्या टोकाले, बेसाले आईबापाजवळ राहते. तिलेही लग्न नाही करायचं. घरात आरडाओरड झाली की ती म्हणते, "आत्या नाही राहिली काय?" म्हणजे पाहा, सरजूबाईच्या जिवावर इंदूबाई उभी, आणि इंदूबाईच्या जिवावर रितिका.

पिक्चर सुरू झाला. तरणी सरजू, गजरा, नदी, गाणं. एक गोरापान पोट्टा. दोघं घाटावर बसून एक कांदा अर्धा अर्धा खातात. मग तो पोट्टा जमीनदाराच्या पोरीसंग लग्न करते, आणि सरजू भर मांडवासमोर रडत रडत बुक्कीनं कांदा फोडते. गाणं परत, दुखीवालं.

इंदूबाई उठून उभी राहिली. मागच्यांनी म्हटलं, "मावशी, खाली बसा नं." ती बसली नाही, सरळ बाहेर आली.

"कांद्यालेही कारण दिलं वं यांनी," ती ऑटोत म्हणाली. "कांदा होता तो. भाकरीसंग खात होती. त्यालेही नवरदेव चिकटवला."

"आत्या, पिक्चर आहे तो."

"माहीत आहे मले पिक्चर आहे. तीस वर्षं मी काय रामायण समजून राहिली होती काय? चांगली सुखानं बसली होती ती बाई. आता कधीही तो सीन पाहीन, तर मले तो गोरा पोट्टाच दिसन. माही सरजूबाई नासवली त्याइनं."

ऑटोवाला आरशातून पाहून राहिला होता. "तू समोर पाह्य," इंदूबाईनं त्यालेही घेतलं.

राग तिथंच थांबता, तर चार दिवसांत उतरला असता. पण तो पिक्चर पाहिला सगळ्या इतवारीनं. मंगळवारी समोरची बांगड्यांच्या दुकानातली भावना आली, डोळे ओले करून. "इंदूबाई, तुमचाही कोणी होता काय हो?"

"चहा घेता?"

"घेते नं," भावना म्हणाली आणि पायरीवर ऐसपैस बसली. "सांगा निवांत."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा इंदूबाईले चहा मागवावा लागला. तिनं तो भावनाच्या हातात दिला आणि ती जाईपर्यंत मशीन अशी चालवली, की गल्लीतले कुत्रे उठून गेले.

गुरुवारी देवराव आला. देवराव म्हणजे बहिणीसंग कधी दोन वाक्य सरळ न बोललेला माणूस. तो पायरीवर बसला, रुमाल काढला आणि चक्क रडाले लागला.

"इंदू, बाबांनी चूक केली. मीही केली. आपण त्या पोराले हाकलाले नव्हतं पाहिजे."

"कोणत्या पोराले?"

"लपवू नको आता. रितिकानं सांगतलं सगळं. कुहीचा होता नं, धानवाल्याच्या घरचा. गौरांग."

इंदूबाईनं मशीन बंद केली. हे असं क्वचितच होते.

"मले आठवून राहिलं आता," देवराव नाक पुसत म्हणाला. "तो लाल सायकलवाला. रोज सकाळी फाटकाशी थांबे, आणि तू धावत जाये."

"तो दूधवाला होता, दादा. पातेलं घेऊन जात होती मी."

"आणि माह्या लग्नात तू जेवली नव्हती. आता समजलं मले."

"दाढ दुखत होती माही."

"असंच म्हणशील तू," देवराव म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. एका पिक्चरनं दूधवाला नवरदेव झाला आणि दाढ झाली विरह.

रितिका संध्याकाळी आली तेव्हा इंदूबाईच्या मांडीवर गंज होता, म्हणून वाचली. नाहीतर मार खाल्ला असता तिनं.

"गौरांग?" इंदूबाई म्हणाली. "बत्तीस वर्षांआधी कुहीच्या धानवाल्यानं पोराचं नाव गौरांग ठेवलं? निदान नाव तरी घरासारखं शोधायचं वं."

"घाईत सुचलं," रितिका खाली मान घालून म्हणाली. "आत्या, रविवारी पाहुणे येणार होते मले पाहाले. आई ऐकूनच घेत नव्हती. म्हणे, कारण नसताना कोणी पोरगी नाही म्हणते काय, तुही आत्याही काहीतरी लपवूनच बसली असन. मग मी म्हटलं, हो. पिक्चरचीच गोष्ट सांगतली. बाबा रडले. म्हणाले, माह्या पोरीवर जबरदस्ती नको, एक वर्ष थांबू. एक वर्ष भेटलं मले. तू फक्त गप्प राह्य. गप्प राहायले तर तुले येते."

"तुले एक वर्ष भेटलं. माहे बत्तीस गेले त्याचं काय?"

"कुठी गेले?"

"कुठी म्हणजे? मी माह्या मर्जीनं राहिली. आता गावभर झालं, की मले एका पोट्ट्यानं सोडलं म्हणून राहिली. जो जन्मालेच नाही आला, तो मले सोडून गेला."

रितिका रडाले लागली. इंदूबाईनं तिले पदर नाही दिला. गंजावरचं पुसायचं फडकं दिलं, आणि तेही फेकून. पण मशीन काही सुरू केली नाही. खरं बोललं, तर रविवारीच पाहुणे. नाही बोललं, तर जन्मभर गौरांग.

रविवारी शोभावहिनीचा निरोप आला. देवरावची बायको शोभाताई मोठी हिशोबी समजूतदार. "इंदूताई, वर्षभर थांबू म्हणतात हे, थांबू. पण भांडी तर तयार ठेवू. मशीन घेऊनच या बेसाले."

आंदणाच्या भांड्यांची रीत सगळ्यांच्या घरची एकच. पोरगी पंधराची झाली की दर दिवाळीले एकेक घ्यायचं. त्यावर 'सौ.' लावून पोरीचं नाव, जसं 'सौ. रितिका', टाकायचं आणि पुढं चार बोटं जागा सोडायची. सोयरीक झाली की त्या जागेत नवऱ्याचं नाव. इंदूबाईच्या स्वतःच्या घरातही अशी बारा भांडी आहेत, बापानं केलेली. 'सौ. इंदू' आणि पुढं चार बोटं कोरी. ती त्यातच वरण शिजवते.

देवरावच्या हॉलमध्ये चटईवर नाव टाकायची राहिलेली भांडी मांडली होती. सगळे असे हळू बोलून राहिले होते, जसं घरात कोणी आजारी आहे. शोभाताईनं नणंदेले बसाले गादी दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"जागा सोडाल बरं इंदूताई," ती मायेनं म्हणाली. "तुमच्या नशिबी ती कोरीच राहिली. माह्या पोरीची नको राहायले."

इंदूबाईनं गुंड मांडीवर घेतला. सुई टेकवली. 'सौ. रितिका' कोरलं. मग त्या चार बोटं जागेकडं पाहात बसली. कोरी जागा दिसली, की लोक त्यात नाव टाकणारच. तीस वर्षं तिनं स्वतःच ती सोडून ठेवली होती, चहा घेता चहा घेता करत.

"दादा," ती म्हणाली, "गौरांग नव्हता."

"इंदू, राहू दे."

"राहू नाही द्यायचं. गौरांग नव्हता, लाल सायकलवाला नव्हता, कोणीच नव्हता. मले लग्न नको होतं. तुले कारलं नको असते तसं. बाबांनी विचारलं तेव्हाही हेच होतं, फक्त मले बोलता येत नव्हतं. तुही पोरगी खोटं बोलली, कारण तुमच्या घरात खरं कोणी ऐकतच नाही."

देवराव तिच्याकडं पाहातच राहिला. "कोणीच नव्हता?"

"कोणीच नाही."

"मग मी रडलो कायले?"

"ते तुले माहीत. माह्यासाठी नाही रडला तू, पिक्चरसाठी रडला."

शोभाताईचा आवाज लगेच नेहमीचा झाला. "म्हणजे पाहुण्याइले उगाच नाही म्हटलं. रितिका, फोन दे माहा."

रितिका भिंतीले टेकून उभी होती, पांढरीफट. देवरावनं तिच्याकडं पाहिलं. "तुलेही कोणी नाही?"

"नाही."

"मग काहून नाही करायचं?"

रितिकानं ओठ चावला. "चहा घेता, बाबा?"

"चहा नाही," इंदूबाई ओरडली. "तो माल खराब निघाला. सरळ सांग, नाहीतर माह्या पायरीवर पाय नको ठेवू."

"मले नाही करायचं, बाबा," रितिका म्हणाली. आवाज फुटला तिचा, पण ती थांबली नाही. "काही झालं नाही. कोणी सोडलं नाही. नाही करायचं. पुढच्या वर्षीही नाही."

शोभाताईच्या हातात फोन तसाच राहिला. तेवढ्यात इंदूबाईनं मशीन सुरू केली आणि त्या चार बोटं जागेत वेल काढाले घेतली. पानं, फुलं, परत पानं, अशी दाट, की मुंगीचं नाव मावणार नाही.

"अहो, काय करता, जागा," शोभाताई धावली.

"कोरलेलं पुसत नाही, वहिनी. दुसरा आणा."

दुसरा शोभाताईनं नाही आणला. आणला देवरावनं. गंज होता. त्यानं तो बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि तिच्याकडं न पाहता म्हणाला, "दूधवाला नक्की दूधवालाच होता नं?"

"दादा."

"बरं, बरं."

पाहुण्याइचं काय झालं, तर शोभाताईनं दुसऱ्या दिवशी फोन लावलाच होता. देवरावनं तो हातातून घेतला आणि सांगतलं, पोरीले नाही करायचं. पंधरा दिवस घरात दोघांचं बोलणं बंद होतं.

इकडं त्याच सोमवारी इंदूबाईनं घरून स्वतःचा वरणाचा गंज आणला. गिऱ्हाईक यायच्या आधी मांडीवर उलटा घेतला आणि 'सौ. इंदू'च्या पुढं टर्रर्र सुरू केलं. श्रीधरभाऊ शटर वर करून डोकावला.

"हे काय काढलं, आंबा?"

"कांदा."

"कांदा काहून?"

तिनं चष्म्यावरून पाहिलं. श्रीधरभाऊ चहाची वाट पाहून राहिला होता.

"मनात आलं," इंदूबाई म्हणाली, आणि कांद्याले पात काढाले लागली.