पाय माझे, बंदूक दादाची

आमच्या घरी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर एकच होता, म्हणून दादानं वाटणी करून टाकली होती. डावी बाजू माझी, उजवी त्याची. म्हणजे गेममधल्या अंतराळवीराचे पाय मी चालवायचे आणि बंदूक दादा. सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायचं आणि एका माणसाला दोघांनी जगवायचं. मी उशिरा पळाले की दादा ओरडायचा, त्याचा नेम चुकला की मी. करंजाड्यातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत एवढा आरडाओरडा व्हायचा की एकदा शेजारच्या काकू भांडण सोडवायला आल्या होत्या.

गेमचा पहिला भाग जिथं संपला तिथं एक लोखंडी दार अर्धवट उघडतं आणि पडदा काळा होतो. दारामागे काय, यावर आम्ही वर्षानुवर्षं वाद घातला. दादाचं म्हणणं, शत्रूची यंत्रमाणसं आता पोहायला शिकली असणार. मी म्हणायचे, मला आधी नीट उडी मारता येऊ दे, मग त्यांच्या पोहण्याचं बघू. पुढे माझं लग्न झालं, मी खारघरला गेले, दादानं कामोठ्यात दहावीचे क्लास सुरू केले. दुसऱ्या भागाची घोषणा झाली त्या दिवशी भर वर्गातून त्याचा फोन आला. "पाय तयार ठेव," एवढंच म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की कडेच्या बाकावरच्या मुलांनी वर केलेले हात आपल्याला दिसत नाहीत. मुलांना वाटलं, सर मुद्दाम टाळतात. मग एकदा स्कूटर दुभाजकावर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, नजर कडांकडून आत बंद होत येणार. कधीपर्यंत, ते सांगता येत नाही. औषध नाही.

दादा बाहेर येऊन रिक्षात बसला आणि म्हणाला, "गेम यायच्या आत नाही ना गं जाणार?" मी म्हटलं, "वेडा आहेस का, घोडामैदान जवळच आहे."

कसलं जवळ! कंपनीनं तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. आणखी सफाईदार करायचाय म्हणे. वाण्याच्या दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीतला उद्या बरा, निदान तो येणार नाही हे ठाऊक असतं. आई म्हणाली, "आमी दोन पोरं वाढवली, यांचा एक खेळ होत नाय?" मला इतका राग यायचा, पण तो काढायचा कुणावर? डॉक्टरांशी भांडता येत नव्हतं, आणि कंपनी कुठल्या देशात आहे तेही मला माहीत नव्हतं. एकदा त्यांच्या घोषणेखाली मी लिहिलं, लवकर करा, माझ्या भावाची नजर जातेय. कुणीतरी खाली हसणारा चेहरा टाकला.

माझ्या अपेक्षा बदलत गेल्या. नव्या बंदुका, नवे ग्रह, सगळं गेलं चुलीत. शत्रू समोरूनच यावेत, कडेनं येऊ नयेत, एवढंच मी मागत होते. अक्षरं मोठी असावीत. दादा मात्र तसाच. रोज फोनवर नवा तर्क. त्याच्यापुढे मीही उत्साहात बोलायचे आणि फोन ठेवला की रडू यायचं.

शेवटी गेम आला. मी रविवारी दुपारी करंजाड्याला गेले. दादानं आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू मुलगी बघायला निघालाय. क्लास त्यानं बंद केला होता. आम्ही सोफ्यावर आमच्या आमच्या जागी बसलो. त्याचा अंगठा त्याच्या बटणावर आपोआप गेला, ते बघून मला फार बरं वाटलं.

गेम सुरू होण्याआधी उजेड जुळवायचा पडदा आला. मी मोठ्यानं वाचलं, डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतका उजेड वाढवा. त्याचं बटण माझ्या बाजूला होतं.

"वाढव," दादा म्हणाला. मी वाढवला. चिन्ह उमटलं.

"अजून."

मी आणखी वाढवला. चिन्ह पांढरंफेक झालं. दादा मान पुढे काढून, हळूहळू इकडून तिकडे पडदा शोधत होता.

"थोडा अजून, आता येईलच."

पडद्यावरची उजेडाची पट्टी टोकाला टेकली होती. "वाढवतेय," मी म्हणाले आणि ते बटण दाबत राहिले, त्याला आवाज यावा म्हणून.