अर्धा तास तहकूब

आमच्या धुळ्याच्या गल्लीत चेअरमन एकच, अक्का. मात्र त्यांच्या सगळ्या कंपन्या बुडालेल्या. बंद पडलेल्या कापडगिरण्या, जिनिंग, सूतगिरण्या यांची जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि कुठकुठले कर्जरोखे त्या जमवायच्या. शाळेत त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. एका सर्टिफिकेटाच्या वेलबुट्टीवर जीव जडला आणि मग बाई थांबल्याच नाहीत. गल्लीने थट्टेने चेअरमन म्हटलं, ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

रद्दीवाला भाऊ प्रामाणिक होता. गठ्ठा पुढे करताना दर वेळी म्हणायचा, "अक्का, हाई बठ्ठी रद्दी शे."

"रद्दी शे, पन मनी शे," अक्का मालकी सांगायच्या आणि गठ्ठा उचलायच्या. कुणीतरी लॅमिनेशनचा सल्ला दिला, तर म्हणाल्या, "आधी स्वतःला करून घे. श्वास घेता येतो का बघ, मग कागदाचं ठरवू."

सप्टेंबरात सगळ्या संस्थांच्या वार्षिक सभा होतात, तशी अक्कांचीही व्हायची. दारावर खडूने नोटीस लागे: 'बुडीत कंपन्यांची सर्वसाधारण सभा, दुपारी चार, ओट्यावर.' खाली नेहमीचं वाक्य: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने याच जागी घेतली जाईल. तिला गणपूर्ती लागणार नाही.' लोक वाचून हसत पुढे जायचे. ओट्यावर अक्का, मी आणि शेवचिवड्याचं ताट. चिवड्याला हात लावला की डोळे वटारायच्या, "सभा तहकूब आहे!"

अर्धा तास सरला की पदर खोचून उठायच्या. एकेक सर्टिफिकेट काढून त्यावरचं नाव मोठ्याने वाचायच्या. कुणी शिंपी, कुणी पिंपळनेरची मास्तरीण, कुणी विधवा. "यांनी विश्वास ठेवला होता. कंपनी बुडाली म्हणून ही माणसं मूर्ख ठरत नाहीत," असं म्हणताना त्या रागाने लाल व्हायच्या. समोर वाद घालायला कुणी नसायचंच.

लग्न होऊन जळगावला गेले तरी सभेला मी धुळ्याला यायचेच. मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. नेमका सभेच्या दिवशी पुण्याचा मुलगा न्यायला आला. त्याच्या फ्लॅटमध्ये सर्टिफिकेटांच्या ट्रंकेला जागा नव्हती आणि मुंबईचं एक गिऱ्हाईक त्याने बोलून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, बिचारा कंटाळला होता.

"विषय सभेपुढे मांड," अक्का म्हणाल्या.

तो खरंच ओट्यावर उभा राहिला. "ट्रंक विकावी, असा ठराव मांडतो."

अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या नावावर एक तरी शेअर आहे?"

"नाही."

"मग तुला मत नाही. बस खाली."

ट्रंकेतून एक जुना शेअर काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "आजपासून ही सभासद. बोल पोरी, विकायची?"

"नाही," मी म्हणाले.

"ठराव नामंजूर!" त्यांनी ओट्यावर थाप मारली. मुलाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. ट्रंक धुळ्याच्या बंद घरात राहिली.

उन्हाळ्यात अक्का पुण्यातच गेल्या. मला शेवटचं भेटताही आलं नाही, ते अजून सलतं. तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा जळगावला माझ्या दारात उभा. गाडीतून ट्रंक उतरवत म्हणाला, "आता ही तुझ्याकडे. सभेने नामंजूर केलंय, मी काय करणार?"

या सप्टेंबरात मी आमच्या इमारतीच्या दारावर खडूने नोटीस लिहिली. नवरा म्हणाला, "अगं, कोण येणार आहे?" चार वाजता पार्किंगमध्ये चार खुर्च्या मांडल्या, शेवचिवड्याचं ताट ठेवलं. कुणी आलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी जाता जाता हसले, "ताई, कोरम नाही झाला तुमचा."

"नसू दे," मी म्हणाले. "सभा तहकूब आहे."

चिवड्याला हात न लावता अर्धा तास बसले. मग पदर खोचला, ट्रंक उघडली आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं.