एसटीची कोरी पाटी

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला माहेरी गेले आणि दारातच माझं डोकं फिरलं. घराच्या दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत हा एवढा थोरला फ्लेक्स. मधोमध नवरा-नवरी, आणि भोवती शुभेच्छुकांची जत्रा. कुणी गॉगल लावलेला, कुणी फोन कानाला लावलेला. एका पुढाऱ्याचं तोंड तर नवरीपेक्षा मोठं. भावाला म्हटलं, "अरे, लग्न कुणाचं हाय? पोराचं का या बाबाचं?" तो हसला. म्हणाला, "आक्का, आता भिंती कोण रंगवतंय? सकाळी सांगितलं की संध्याकाळी छापून मिळतं."

त्याला काय सांगायचं? त्या फ्लेक्सखाली माझी भिंत होती.

आमचं गाव युसूफ वडगावजवळ. तेव्हा आमच्याकडं लग्नघर भिंतीवरून ओळखू यायचं. चुना दिलेल्या भिंतीवर दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, भालदार-चोपदार, केळीचे खांब, वर पोपट आणि मध्ये नवरा-नवरीची नावं. केजहून पेंटर यायचा. चुलत्याच्या घरी एकदा तो दोन हत्ती काढून गेला तो गेलाच, आणि हळद तर उद्यावर आलेली. मी तेव्हा सातवीत होते. पत्र्याचं टिपाड पालथं घातलं, त्याच्यावर चढले आणि राहिलेले भालदार काढून टाकले. एकाचे दोन्ही पाय डावे झाले, पण वरातीत भालदाराचे पाय कोण बघतंय! तेव्हापासून गावात लग्न ठरलं की बायका आईला विचारायच्या, "पोरगी मोकळी हाय का?"

मला चित्रकार व्हायचं होतं. म्हणजे काय व्हायचं होतं ते तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण दुसरं काही व्हायचं नव्हतं एवढं नक्की. एलिमेंटरीच्या परीक्षेत पहिल्यांदा आपटले. घरात सगळे म्हणाले, झालं, हौस फिटली. मी पुन्हा बसले. शेळ्या राखताना धुळीत काडीनं बैलाचा पाय काढायचा, पुसायचा, परत काढायचा. आई ओरडायची, "अगं, शेळी रानात शिरली, तुझं ध्यान कुठंय?" इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा चित्रकलेचे सर स्वतः घरी आले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "बारावी झाली की पोरीला औरंगाबादला चित्रकलेच्या कोर्सला घाला. हात चांगला आहे, पण नुसत्या हातावर भागत नाही, शिकावं लागतं."

आबा म्हणाले, "बघू."

आबांच्या 'बघू'चा अर्थ हो की नाही, हे आईलाही उभ्या जन्मात कळलं नाही. मी मात्र तो 'हो' धरून बसले. बारावी झाली आणि गेवराईकडचं स्थळ आलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत म्हणाले, सुपारी फुटली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

पण मी गप्प बसणार नव्हते. आबांना म्हणायचं, "मला आधी कोर्स करू द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं लग्न करते." वाक्य पाठ करून ठेवलं होतं. फक्त वेळ बघून बोलायचं होतं. तेवढ्यात भिंतीला चुना देऊन झाला आणि आई म्हणाली, "गावाच्या भिंती रंगवल्यास, आता तुझी रंगव. पाव्हणे बघत राहिले पाहिजेत." आबांनी केजहून रंगाचे डबे आणले. एरवी लोकांच्या घरी मला काय मिळायचं? उरलेला गेरू, घोटभर हिरवा आणि वर "जपून वापर" म्हणून दम. इथं पिवळा, लाल, हिरवा, गुलाबी, सगळे डबे भरलेले आणि समोर अख्खी भिंत, माझी!

आणि माझं काय झालं म्हणून सांगू. मी येडी झाले. सकाळी उजाडायच्या आत टिपाडावर चढायची ती आई हाताला धरून खाली ओढेपर्यंत उतरायची नाही. हत्तींच्या झुलीवर एकेक टिकली काढली. तोंडात गाणी, हाताला रंग, जेवणाची शुद्ध नाही. ते पाठ केलेलं वाक्य रोज उद्यावर टाकत गेले. म्हटलं, एवढी भिंत होऊ दे, मग बोलते.

हत्तींच्या वर पोपट काढायची रीत. मी तिथं रस्ता काढला. रस्त्यावर लाल एसटी, एसटीच्या खिडकीत एक मुलगी, तिच्या मांडीवर चित्राची फळी. गाडीच्या कपाळावरची गावाची पाटी मात्र कोरी ठेवली. औरंगाबाद लिहायला हात उचलला होता, पण खाली बायका उभ्या होत्या. कुणी हसलं तर, म्हणून राहू दिलं. तशाही त्या हसल्याच. "बघा गं, नवरी एसटीनं चालली! नवरदेवाला घोडं मिळालं न्हाई का?"

आबा रोज संध्याकाळी समोर बाज टाकून बसायचे आणि भिंत बघायचे. "काही पाहिजे का?" म्हणून विचारायचे. मी म्हणायची, "निळा संपला." दुसऱ्या दिवशी निळा यायचा. एकदा मात्र त्यांनी त्या एसटीकडं बोट केलं. "ही पोर कुठं चालली, माय?"

बायका होत्याच. मी लाजले आणि म्हटलं, "सासरी. अजून कुठं?"

आबांनी बाज उचलून आत नेली. भिंत पुरी झाली. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नाही, मग लिहायचं कसं? मी रेघा आखून दिल्या आणि नावं भावानं लिहिली. तोवर दारात मांडव पडला होता.

गेवराईत माझं वाईट झालं, असं म्हणणार नाही. नवरा सरळ, घर खाऊनपिऊन सुखी, पोरं शिकली. चित्र तेवढं सुटलं. आता दिवाळीला रांगोळी घालते आणि गल्लीतल्या बाया म्हणतात, "वहिनी, हात काय सुरेख हाय तुमचा!"

तर भाच्याच्या लग्नाच्या दिवशी सकाळी आबा त्याच जागी बाजेवर बसले होते. आता खूप थकलेत. मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुझी भिंत झाकली भावानं. दरवर्सी चुना देताना तेवढी सोडा म्हणायचो मी." मग काठीनं फ्लेक्सचं टोक उचललं. हत्ती पार विटलेले. वर एसटी अजून दिसत होती.

"सर येऊन गेल्यावर मी औरंगाबादेला गेलतो," आबा म्हणाले. "कालेज बघितलं. पोरींच्या ऱ्हाण्याची सोय बघून आलतो."

"मग बोलला कावून न्हाई, आबा?"

"स्थळ आलं. म्हणलं, पोर काय म्हणती बघू. तू न्हाई म्हणली असतीस तर सुपारी माघारी देऊन येणार होतो. पण तू गाणी म्हणत भिंत रंगवाय लागलीस. एवढी खूश मी तुला कवा बघितली न्हवती. म्हणलं, पोरीला घर लई पसंत हाय." त्यांनी काठी खाली घेतली आणि फ्लेक्स परत भिंतीला चिकटला. "तरी मी इचारलं, गाडी कुठं चालली म्हणून. पाटीवर गावाचं नाव टाकलं असतंस तरी कळलं असतं, माय. तेवढं वाचाया येतं मला."

आतून भावजयीनं हाक मारली, पाव्हणे यायची वेळ झाली, दारातली रांगोळी राहिलीय म्हणून. मी उठले आणि रांगोळी घालायला बसले. घालता घालता डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बघ, भाच्याच्या लग्नाचा किती आनंद झालाय आत्याला."