बिननावाची बाटली

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, कापसावर फवारायचं औषध कधी घरात येऊ देत नसत. शेतातल्या कोठ्यात पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला. फवारणीचे कपडेसुद्धा ते शेतातच धुऊन वाळवत. अशा माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात विष मिळालं, आणि ते मी नेऊन दिलेलं होतं.

मी आदिलाबादला शाळेत शिकवते. आमच्या गल्लीत मोटरसायकलला निळे कॅन बांधून एक माणूस यायचा. फिनाईल, ॲसिड, जे हवं ते आपण नेलेल्या बाटलीत ओतून द्यायचा. "मॅडम, दाग का नामोनिशान नहीं रहेगा," म्हणायचा. खरंच राहत नसे. तामसीकडच्या आमच्या गावी नवीन संडास बांधला होता, फरशीवर सिमेंटचे डाग होते. जाऊबाईंसाठी मी ते ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलं. "जपून वापरा, हात भाजतो," एवढं मात्र सांगितलं.

त्या जपल्या. फरशी घासून झाल्यावर नातीचा हात पुरू नये म्हणून उरलेली बाटली त्यांनी उंच फळीवर ठेवली. शेतात न्यायच्या पाण्याच्या बाटल्याही त्याच फळीवर असायच्या.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी भासरे तहानलेले घरी आले, फळीवरची बाटली काढली आणि उभ्यानेच तोंडाला लावली. एकच घोट गेला. शेजारी धावले. कोणीतरी मिठाचं पाणी आणलं, दोघांनी धरून पाजलं, उलटी करवली. सगळे मायेनंच करत होते. जाऊबाईंनी संतापून बाटली उकिरड्यावर भिरकावली आणि त्यांना ऑटोत घालून आदिलाबादला आणलं. मी वर्गातून तशीच दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पहिल्यांदा बाटली मागितली. ती कोणी आणलीच नव्हती. आणली असती तरी तिच्यावर पिण्याच्या पाण्याची चिठ्ठी होती. ॲसिड कोणतं, किती कडक, कशात कालवलेलं, मला काहीच सांगता येईना. उलटी करवल्याचं ऐकून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. आत जाताना एकदा जाळलं, बाहेर येताना पुन्हा जाळलं, असं ते हळूच म्हणाले.

भासरे नऊ दिवसच जगले. त्यांना बोलता येत नव्हतं. ओंजळ करून पाणी मागायचे, आणि पाणी द्यायला मनाई होती. मी ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवायची. त्यांच्या नजरेत माझ्यावरचा राग दिसतो का, ते शोधत राहायची. तिथं तहानेशिवाय काही नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी जाऊबाईंपाशी बसले. "बाई, ती बाटली मीच दिली तुमाले."

"मले का मालूम नाही? तुह्याच हातून तं घेतली म्या," त्या म्हणाल्या. "अन् फळीवर कोनं ठेवली? म्यानंच." मग त्या उठल्या. "आपल्या आळीत आनखी किती घरी हाय ते? चाल, पाहून येऊ."

एका घरी सरबताच्या बाटलीत गुलाबी फिनाईल होतं. दुसरीकडे ॲसिड गोड्या तेलाला खेटून ठेवलेलं. तिथली बाई म्हणाली, "आमच्या घरी सगळ्याइले माहीत हाय ते."

"माह्या घरीबी मालूम होतं," जाऊबाई म्हणाल्या. "ज्यानं पेलं त्यालेच मालूम नोतं."

त्या बाईनं बाटली काढून दिली.

इकडे मी त्या विकणाऱ्याला गल्लीत अडवलं. ऐकून तो म्हणाला, "मैं तो सिर्फ बेचता हूँ मॅडम, बनाता कोई और है." कोण बनवतं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मी लेखी तक्रार दिली. तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. तो आमच्या गल्लीत येईनासा झाला. गुडीहत्नूरकडे दिसतो म्हणतात.

उन्हाळ्यात गावी जाऊबाईंच्या शेजारची तीन वर्षांची पोर फिनाईल प्यायली. तिची आजी मिठाच्या पाण्याचा गिलास घेऊन धावली, तेव्हा जाऊबाईंनी तिचा हात धरला. "ओकवू नका! तोंड धुवा तिचं, बाटली घ्या संगं अन् चाला दवाखान्यात." ऑटोत त्या स्वतः बाटली मांडीवर धरून बसल्या.

चौथ्या दिवशी मला शाळेत त्यांचा फोन आला. "पोरगी घरी आली," म्हणाल्या. नवरा गेल्यावरही त्यांना मोठ्यानं रडताना मी पाहिलं नव्हतं. आता रडत होत्या. मी फोन कानाला लावून वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहिले.